‘ज्ञा’ या अक्षराचा अपराध

२०१८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात तेलुगू लिपीतले एक अक्षर जगभर बदनाम झाले. ते अक्षर ‘ज्ञा’. आयफोनवर आलेल्या संदेशात ते विशिष्ट रीतीने टंकलेले असले की संदेश वाचणारा प्रोग्राम जागच्या जागी बंद पडे, पुन्हा उघडावा तर पुन्हा बंद पडे. तेच अक्षर पडद्यावरच्या सूचनेत उमटले तर फोनच कोलमडे. काहींनी खोडी म्हणून, काहींनी कुतूहल म्हणून ते एकमेकांना धाडले आणि चारसहा दिवसांत ते देशोदेशी पोचले. १९ फेब्रुवारी रोजी ॲपल कंपनीने आयओएस ११.२.६ ही दुरुस्त आवृत्ती काढली आणि प्रकरण मिटले. मागे उरली ती ‘फोन पाडणारे तेलुगू अक्षर’ एवढी ख्याती.

आमचे सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या चार भाषांचे गाव आहे. येथील पूर्व भागात तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू बोलली जाते, आणि मराठी शाळेत शिकलेली त्यांची मुले दोन्ही लिप्या ओळखतात. अशा गावात राहून मराठी शिकवणाऱ्यांना ही ख्याती निमूटपणे मान्य करणे कठीण आहे. ‘ज्ञान’ हा शब्द तेलुगूतही आहे आणि मराठीतही. आपण ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, तेलुगू भाषक निराळा करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतो. पण संस्कृतातून आलेले हे जोडाक्षर सर्वांचे आहे. ते ‘घातक’ कसे ठरले, आणि घातकपणा खरोखर त्याच्या अंगी होता काय, याचा शोध घेताना आम्हाला संगणकाच्या इतिहासात बरेच मागे, थेट १९७२ सालापर्यंत जावे लागले. त्या शोधाची हकिकत येथे मांडीत आहोत. दोष कोणाचा, मजकुराचा, लिहिणाऱ्याचा, की भाषेच्या व्याकरणाचा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. येथे तो अनपेक्षित ठिकाणी भेटतो इतकेच.

प्रथम अक्षराची बाजू पाहू. संगणकाच्या दृष्टीने ‘ज्ञ’ हे एक अक्षर नाही. ज, हलन्ताचे चिन्ह आणि ञ अशी तीन चिन्हे युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत एकामागून एक साठवली जातात, आणि पडद्यावर दाखवताना यंत्र त्यांचे जोडाक्षर घडवते. पुढे ‘आ’ची मात्रा आली की चार चिन्हे झाली. त्या कुप्रसिद्ध रूपात पाचवे चिन्ह होते, ते म्हणजे मात्रेच्या आधी बसवलेले, डोळ्यांना न दिसणारे, दोन चिन्हांना जुळू न देणारे चिन्ह. असली अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा नव्हे. महाजालावर मराठी लिहू लागलेल्या पहिल्या पिढीला त्यांची चांगली ओळख आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद दाखवण्यासाठी, म्हणजे अर्धा र आडवा काढण्यासाठी, कित्येक कळफलकांवर र आणि हलन्त यांच्यापुढे असेच एक अदृश्य, जोडणारे चिन्ह द्यावे लागे. फारसी लेखनातही न जोडणाऱ्या चिन्हाचा वापर रोजचा आहे. सारांश, जे चिन्ह दिसत नाही तेही लिपीच्या व्याकरणाचाच भाग असते.

त्या वेळी मोझिला या संस्थेत काम करणारे मनीष गोरेगावकर यांनी त्याच महिन्यात या प्रकाराची बाहेरून पद्धतशीर तपासणी केली. एकेक व्यंजन बदलून पाहून त्यांनी नियम काढला. पहिले व्यंजन, हलन्त, दुसरे व्यंजन, ते न जुळू देणारे अदृश्य चिन्ह आणि मग स्वर, अशी रचना तेलुगू, बंगाली आणि देवनागरी या तिन्ही लिप्यांत फोन पाडू शकत होती. दुसरे व्यंजन आधीच्या व्यंजनाला मागून किंवा खालून चिकटणारे असले पाहिजे, एवढीच मुख्य अट. तेलुगूत बहुतेक सर्वच व्यंजने तशी चिकटतात. देवनागरीत तो मान ‘र’कडे जातो, म्हणजे ‘क्र’, ‘प्र’ यांसारख्या जोडाक्षरांची पाळी येते. काही अपवाद सोडता हा नियम टिकला. त्याचा अर्थ असा की ‘तेलुगू अक्षराचा दोष’ हे नावच चुकीचे होते. आपली लिपीही त्याच आरोपाखाली उभी होती, फक्त तिचे नाव कोणी घेतले नव्हते.

आणि ही पहिली वेळ नव्हती. २०१५ च्या मे महिन्यात अरबी आणि देवनागरी चिन्हे एकत्र असलेल्या एका ओळीने आयफोन बंद पडत होते. तिला जगाने ‘अरबी मजकुराचा दोष’ म्हटले. २०२० च्या एप्रिलमध्ये सिंधी अक्षरे आणि इटलीच्या ध्वजाचे चित्र यांच्या जोडीने तेच घडले. तेव्हा नाव सिंधीचे झाले. तीन वेळा तीन भाषांचे नाव आरोपीच्या जागी लिहिले गेले. ॲपलने २०१८ च्या दुरुस्तीसोबत जी टीप प्रसिद्ध केली तिच्यात मात्र भाषेवर ठपका नाही. मजकूर मांडणाऱ्या भागात विशिष्ट अक्षरमालेमुळे स्मृतीची नासधूस होऊ शकते, आणि आलेल्या मजकुराची तपासणी सुधारून ती रोखली आहे, अशा आशयाची ती टीप होती. ‘स्मृतीची नासधूस’ हाच या कथेतला कळीचा शब्द आहे.

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या लहान लहान घरांची एक लांबच लांब ओळ. प्रोग्रामला मजकूर ठेवायचा असला की तो त्या ओळीतली काही घरे राखून घेतो. दहा घरे राखली आणि बारा घरांचा मजकूर आला, तर उरलेली दोन अक्षरे जायची कोठे? आमच्या जिल्ह्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना यांच्या संगमावर संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा, मराठी शिलालेख आहे. असा लेख कोरणाऱ्याला दगडाची कड डोळ्यांनी दिसते, आणि कडेपलीकडे छिन्नी चालत नाही. संगणकाच्या स्मृतीला अशी नैसर्गिक कड नाही. राखलेल्या घरांची हद्द प्रोग्रामने स्वतः पाळली नाही, तर अकरावे अक्षर शेजारच्या घरात पडते आणि तेथे आधीपासून जे काही लिहिलेले असेल ते पुसून टाकते. यालाच बफरची मर्यादा ओलांडणे म्हणतात. दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. घरे रिकामी करून परत दिली, ती दुसऱ्या कामाला लागली, तरी जुन्या बिऱ्हाडकरूकडे किल्ली राहिली आणि तो येऊन वाचत-लिहीत राहिला. या दोन्ही प्रकारांना मिळून स्मृति-सुरक्षेचे दोष म्हणतात.

शेजारच्या घरात काय असते, यावर सारा अनर्थ अवलंबून आहे, आणि तो समजण्यास सोलापूरकराला आपला माग पुरेसा आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर विणली जाते. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ मध्ये सिद्ध केलेल्या या यंत्रात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जेथे भोक आहे तेथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नाही तेथला खाली राहतो. एकेका पुठ्ठ्यासरशी बाण्याचा एकेक धागा टाकला जातो. पुठ्ठा म्हणजे हुकूम आणि सूत म्हणजे माल. कितीही गुंतलेले, कितीही वाईट सूत आले तरी फार तर चादर बिघडेल. सुताचा कधी पुठ्ठा होणार नाही. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांच्या अहवालातून संगणकाची जी रचना रूढ झाली तिच्यात हा भेद मोडला. हुकूम आणि माल दोन्ही एकाच स्मृतीत, एकाच प्रकारच्या घरांत, शेजारी शेजारी राहू लागले. त्यातून संगणकाला त्याची अफाट लवचीकता मिळाली, आणि त्यातूनच ही आपत्तीही आली. बाहेरून आलेला मजकूर हद्द ओलांडून हुकुमाच्या घरात शिरला, तर यंत्र तो वाचीत नाही, पाळते. पोथ्यांच्या परंपरेत आपण ज्याला प्रक्षेप म्हणतो त्याचेच हे रूप, फरक एवढाच की येथे प्रक्षिप्त ओवी ग्रंथाचा अर्थ बदलून थांबत नाही, ती वाचणाऱ्याचा हात धरून त्याच्याकडून काम करून घेते.

हा धोका कोणाला ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. १९७२ च्या ऑक्टोबर महिन्यात जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी लिहिलेल्या अहवालात या हल्ल्याची रीत नोंदलेली आहे. योगायोग असा की त्याच साली बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ‘सी’ ही भाषा घडवीत होते. यंत्रे लहान, स्मृती तुटपुंजी, वापरणारे मोजके आणि एकमेकांच्या ओळखीचे, अशा परिस्थितीत ती जन्मली. म्हणून तिने प्रत्येक वेळी हद्द तपासण्याचा खर्च टाळला. सीमध्ये मजकुराबरोबर त्याची लांबी नोंदलेली नसते. शून्याचे चिन्ह येईपर्यंत वाचत जायचे, एवढाच संकेत. हद्द सांभाळणे हे लिहिणाऱ्याचे काम. पुढे १९८९ मध्ये भाषेचे प्रमाणीकरण झाले तेव्हा लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवावा, हे तिच्या तत्त्वांतले एक म्हणून नोंदवण्यात आले.

दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता असेही म्हणता येत नाही. १९८० साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना टोनी होअर यांनी आपला अनुभव सांगितला होता. १९६० च्या दशकात त्यांनी अल्गोल भाषेची जी आवृत्ती केली तिच्यात प्रत्येक घराचा क्रमांक हद्दीत आहे की नाही हे यंत्र तपासून पाही. वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी काय, असे त्यांनी ग्राहकांना विचारले, तेव्हा सर्वांनी एकमुखाने नकार दिला, कारण आपल्याकडून किती चुका होतात हे त्यांना कळून चुकले होते. वीस वर्षांनंतरही भाषा घडवणारे हा धडा शिकले नाहीत, अशी खंत होअर यांनी त्या भाषणात व्यक्त केली. तोवर सीची घोडदौड सुरू झाली होती.

पुढचा इतिहास ठाऊक असूनही न टाळलेल्या अपघातांचा आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम अमेरिकेतल्या हजारो संगणकांत शिरला. त्याची एक वाट अशी होती की ५१२ घरांच्या जागेत त्याने ५३६ चिन्हांचा मजकूर कोंबला, आणि ओळ वाचून घेणाऱ्या ‘गेट्स’ नावाच्या सीमधल्या तयार आज्ञेने तो बिनदिक्कत आत घेतला. ही आज्ञा सुरक्षितपणे वापरण्याचा कोणताही मार्ग नव्हता, कारण जागा किती आहे हे तिला सांगण्याची सोयच नव्हती. तरी ती भाषेच्या प्रमाण रूपातून वगळली गेली २०११ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी. मधल्या काळात उपाय झाले नाहीत असे नाही. २००४ च्या सुमारास मालाची घरे ‘येथून हुकूम चालणार नाही’ अशी खूण करून वेगळी काढण्याची व्यवस्था घरगुती संगणकांत आली. म्हणजे पुठ्ठा आणि सूत पुन्हा वेगळे करण्याचाच तो प्रयत्न. पण २००७ मध्ये होवाव शॅखम यांनी दाखवून दिले की नवा हुकूम आत नेण्याची गरजच नाही. आत असलेल्या हुकुमांचेच तुकडे हव्या त्या क्रमाने जोडून हवे ते काम करवून घेता येते. जणू दुसऱ्याच्या ग्रंथातली वाक्ये कापून त्यातून आपले पत्र तयार करावे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध केवळ बळी म्हणून नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावरून देशभरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या सी शिकल्या. सोलापुरातूनही दरवर्षी मुले-मुली ही भाषा शिकून पुण्याला आणि पुढे परदेशी गेली. शिकवणाऱ्यांनी हद्द सांभाळा म्हणून बजावले नाही असे नव्हे. प्रश्न असा की लाखो ओळींच्या मजकुरात, शेकडो हातांनी, वीस-वीस वर्षे लिहिताना एकाही ठिकाणी हद्द चुकू नये, ही अपेक्षा माणसाकडून ठेवता येते काय? शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्या व्यवसायबंधूंना याचे उत्तर वेगळे सांगायला नको.

जोवर यंत्रे तारेने जोडलेली होती तोवर मजकूर धाडणाऱ्याला निदान त्या तारेपर्यंत पोचावे लागे. बिनतारी यंत्रांनी ती अटही काढून टाकली. खिशातला फोन सतत ऐकत असतो, मनोऱ्याचे, वायफायचे, ब्लूटूथचे, संदेशांचे. मालकाने बोट न लावता तो आलेला मजकूर उलगडून पाहतो, कारण उलगडल्याशिवाय तो कोणासाठी आहे हेही कळत नाही. हे उलगडण्याचे काम करणारे बहुतेक प्रोग्राम सी किंवा तिच्यापासून निघालेल्या सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेले होते. जुलै २०१५ मध्ये जोशुआ ड्रेक यांनी दाखवले की चित्रफितीचा एक संदेश धाडून अँड्रॉइड फोनचा ताबा घेता येतो. सुमारे ९५ कोटी फोन या कक्षेत येतात असा शोधकर्त्यांचा अंदाज होता. जुलै २०१७ मध्ये निताय आर्टेनस्टीन यांनी ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपमधला असाच दोष उघड केला. ती चिप आयफोन आणि अनेक अँड्रॉइड फोन या दोन्हींत होती, आणि हल्ला एका फोनवरून जवळच्या दुसऱ्या फोनवर आपोआप पसरू शकत होता. त्याच सप्टेंबरात आर्मिस या संस्थेने ब्लूटूथमधले आठ दोष जाहीर केले. त्यांतल्या सर्वांत घातक दोषांसाठी ब्लूटूथ चालू असणे पुरेसे होते, जोडणीला संमती लागत नव्हती. जून २०२१ मध्ये तर टक्क्याच्या चिन्हांनी भरलेल्या एका वायफाय जाळ्याच्या नुसत्या नावाने आयफोनचे वायफाय बंद पडू लागले. नाव छापायचे होते, यंत्राने ते छपाईची सूचना समजून पाळले.

‘ज्ञा’चे प्रकरण या मालिकेत मध्येच येते, आणि त्याची पातळी ओळखली पाहिजे. त्या अक्षराने फोन पडले. ते वापरून कोणाचा फोन ताब्यात घेतला गेल्याचे प्रसिद्ध झालेले नाही. परंतु ज्या जातीचा तो दोष होता त्या जातीची दुसरी वाट पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या दारात आली. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केले की आपल्या दूरध्वनी-सुविधेत बफरची मर्यादा ओलांडण्याचा दोष सापडला आहे, आणि त्यातून खास घडवलेला कॉल करून फोनमध्ये हेरगिरीचा प्रोग्राम बसवता येत होता. तो कॉल उचलला नाही तरी चाले. एनएसओ या इस्रायली कंपनीने पेगॅसस हा प्रोग्राम याच वाटेने जगातल्या सुमारे १,४०० जणांच्या फोनकडे धाडला, असा दावा व्हॉट्सॲपने २९ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेतील न्यायालयात दाखल केला. भारतातल्या १२१ जणांच्या फोनपर्यंत पोचण्याचा प्रयत्न झाला असावा, असे व्हॉट्सॲपने कळवल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. आपल्याला तसा इशारा मिळाल्याचे ज्यांनी जाहीरपणे सांगितले त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि त्या वेळी गोव्यातील व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक असलेले लेखक आनंद तेलतुंबडे होते. वकिलाचा फोन म्हणजे अशिलाचा विश्वास, आणि लेखकाचा फोन म्हणजे अजून न लिहिलेले विचार. राजकीय मते काहीही असोत, हे दोन्ही कोणी चोरून वाचावे असे कोणत्याही वाचकाला वाटणार नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हॉट्सॲपचा मजकूर वाटेत सांकेतिक रूपात असतो, मग तो वाचला कसा जाईल, असे पुष्कळांना वाटते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा लिप्यांत बांधून ठेवले. ती गुप्तता पोथी परक्याच्या हाती पडली तरच्यासाठी होती. पण जो अधिकारी वाचक पोथी उलगडून वाचत बसला आहे त्याच्या खांद्यामागे कोणी येऊन उभा राहिला, तर लिपी काय करणार? सांकेतिक लेखन वाटेचे रक्षण करते. स्मृतीतला दोष वाचणाऱ्याच्या बैठकीतच घुसतो.

कज्जांचा निकालही नोंदवून ठेवू. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात मुंबईच्या आयआयटीचे अश्विन गुमास्ते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले की तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक प्रोग्राम आढळला, परंतु तो पेगॅससच होता असा निर्णायक पुरावा नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरले. मे २०२५ मध्ये ज्यूरीने १६ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक दंड ठरवला, ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी तो सुमारे ४० लाखांवर आणला आणि व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांना पुन्हा लक्ष्य करण्यास कंपनीला कायमची मनाई केली. हल्लेखोराचा न्याय झाला तो असा. परंतु दार उघडे कोणी ठेवले, हा प्रश्न कोणत्याच न्यायालयापुढे नव्हता.

त्याचे उत्तर आता बऱ्याच प्रमाणात आकड्यांत मिळते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तज्ज्ञांनी सांगितले की त्यांनी वर्षानुवर्षे दुरुस्त केलेल्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीचे होते. गुगलच्या क्रोमचा २०२० चा आकडाही तितकाच आला. जगातल्या उत्तमोत्तम प्रोग्रामरांकडून, सर्व साधने हाताशी असताना, प्रमाण हलत नसेल तर दोष लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा राहत नाही. तो भाषेच्या रचनेचा ठरतो.

म्हणून उपायही भाषेतच शोधला गेला. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये स्वतःपुरती सुरू केलेली रस्ट ही भाषा मोझिलाच्या आश्रयाने वाढली आणि मे २०१५ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. तिच्यात स्मृतीतल्या प्रत्येक वस्तूला एकच मालक असतो. इतरांना ती उसनी मिळते, पण मालक गेल्यावर उसनी ठेवता येत नाही. एकाच वेळी अनेकांनी वाचावी किंवा एकानेच लिहावी, दोन्ही मिळून नाही. ग्रंथालयाच्या नियमांसारखे हे नियम भाषेच्या व्याकरणातच आहेत. ते मोडणारे वाक्य यंत्र चालवायलाच घेत नाही, आणि घराचा क्रमांक हद्दीबाहेर गेला तर प्रोग्राम थांबतो, शेजारी लिहीत नाही. ‘ज्ञा’चा नियम शोधणारे गोरेगावकर हे या भाषेच्या घडणीत सहभागी असलेल्यांपैकी आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी.

गुगलने २०२१ मध्ये अँड्रॉइडसाठी रस्ट स्वीकारली आणि जवळच्या अंतरावरच्या एका नव्या बिनतारी सुविधेचा प्रोग्रामच तिच्यात लिहिला. अँड्रॉइडच्या सुरक्षा-दोषांत स्मृतीच्या दोषांचे प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होते. ते २०२२ मध्ये ३५, २०२४ मध्ये २४ आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांच्या खाली आले. यातली आश्चर्याची बाब अशी की जुना मजकूर बहुतांशी जसाच्या तसा ठेवून हे साधले. जुने प्रोग्राम जितके वापरले आणि तपासले जातात तितके त्यांतले दोष कमी होत जातात. नवे दोष नव्या लिखाणातूनच येतात. म्हणून नवे लिखाण नव्या व्याकरणात करणे पुरेसे ठरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा मूळ ग्रंथ टाकून दिला नाही. शिरलेले अपपाठ काढले आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. त्यांना बजावण्यावरच थांबावे लागले. व्याकरणानेच प्रक्षेप अशक्य करावा, ही सोय हस्तलिखितांना नव्हती, प्रोग्रामांना आता आहे.

या बाजूला आक्षेप नाहीत असे नाही. अगदी लहान चिपमध्ये, जुन्या यंत्रांत सीचे स्थान अजून अढळ आहे; रस्ट शिकण्यास कठीण आहे; आणि स्मृतीचे दोष गेले तरी तर्काचे दोष राहणारच. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. पन्नास वर्षे ज्याला शिस्तीचा प्रश्न समजले गेले, तो व्याकरणाचा प्रश्न निघाला.

आता पुन्हा त्या अक्षराकडे वळू. २०१८ मध्ये सर्वांत स्वस्त उपाय कोणता झाला असता? अदृश्य चिन्हे मजकुरातून गाळून टाकणे. फोन वाचले असते, आणि फारसी, बंगाली, मराठी यांच्या लेखनातले बारकावे गेले असते; ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला असता. मजकुराला दोषी ठरवले की शिक्षाही मजकुरालाच होते, म्हणून दोषाला योग्य नाव देणे ही केवळ शब्दांची काटेकोरी नाही. आपल्या लिपीतली जोडाक्षरे, रफार, आडवा र, अदृश्य चिन्हे यांचे नियम साहित्याच्या विभागांत शिकवले जातात. यंत्राला मजकूर वाचायला शिकवणाऱ्यांपर्यंत ते क्वचित पोचतात. नवा प्रोग्राम तपासताना रोमन लिपीतली दोन वाक्ये टाकून समाधान मानणाऱ्याच्या हाती तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू यांतल्या अवघड शब्दांची एक यादी असावी. अशी यादी करण्यासाठी आमच्यासारख्या चारभाषी गावातल्या महाविद्यालयांहून योग्य जागा कोणती? तिच्यात पहिला शब्द ‘ज्ञान’ असावा, तेलुगूतला आणि मराठीतला, दोन्ही.